दीड लिटरमध्ये आंबा घाट

घाट चढायला नेमका किती जोर लागतो, हे गणित मी या मे महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा कागदावर मांडलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला ते ऐकवत सुटले आहे. तुम्हीही ऐकाच. गाडी, माल आणि माणसं मिळून तीन टन वजन धरा. चढ असा की बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वेग ताशी 30 किलोमीटर. म्हणजे दर सेकंदाला तीन टनांचं ओझं साधारण 70 सेंटिमीटर वर उचलायचं. याला लागतात सुमारे 27 अश्वशक्ती. टायर रस्त्यावर घासतात, त्यात आणखी पाचेक जातात. झाले बत्तीस. बस्स, एवढेच! ज्या घाटाच्या नावाने आमच्या वाडीत प्रत्येक जण मोठ्या इंजिनाची गाडी घेतो, त्या घाटाची मागणी बत्तीस अश्वशक्ती!

आमची हापूसची बाग रत्नागिरीजवळ आहे. वाशीचा माल ट्रकने जातो, पण कोल्हापूरचा आम्ही स्वतः नेतो. पाली, साखरपा, मग आंबा घाट, वर मलकापूर आणि पुढे कोल्हापूर. हे काम बाबांकडून माझ्याकडे आलं आणि कामाबरोबर त्यांची बोलेरो पिकअपही आली. 2523 सीसी, चार सिलिंडर, 63 अश्वशक्ती. या गाडीबद्दल एक वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. मोसमात रात्री तीनला चावी फिरवली तरी ती उठते, आणि कातळावरच्या वाटेने बागेत कुठेही जाते. पण आता तिला आठ वर्षं उलटून गेली, त्यामुळे फिटनेस दरवर्षी करावा लागतो. मागचे पाटे बदलून झाले, क्लच प्लेट झाली, इंजेक्टर एकदा उघडून झाले. ती दे आणि नवी घे, असा एक्स्चेंजचा प्रस्ताव समोर आला तेव्हा गाडी होती टाटा इंट्रा व्ही 50. इंजिन 1496 सीसी.

बाबा म्हणाले, "अगं, हजार सीसी कमी! घाटात काय मागून ढकलणार आहेस?" साखरप्याचे मिस्त्री, ज्यांच्या हाताखालून आमची गाडी इतकी वर्षं गेली, ते म्हणाले, "ताई, छोटं इंजिन सपाटीला पळतं, घाटात रडतं. आंब्याची गाडी आहे, विचार करा." दोघांनी हा घाट माझ्या जन्माआधीपासून चढलाय. त्यांचा शब्द मी वाऱ्यावर सोडणार नव्हते. म्हणून दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली आणि एकेक ओळ बोट लावून वाचत बसले.

आणि तिथे तो आकडा दिसला! जुन्या गाडीचा टॉर्क 195 न्यूटन मीटर. नवीचा 220! इंजिन हजार सीसीने लहान, आणि ओढ जास्त. शिवाय ती ओढ 1750 फेऱ्यांनाच पूर्ण मिळते, ती 2500 पर्यंत तशीच टिकते, आणि घाटात इंजिन असतं ते याच पट्ट्यात. अश्वशक्ती 63 च्या जागी 80. मला वाटलं, छपाईची चूक असेल. दुसऱ्या कंपनीचं पत्रक काढलं. अशोक लेलँडच्या बडा दोस्तचं इंजिन 1478 सीसी, तीनच सिलिंडर, तरी 80 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन मीटर. मग कळलं की खुद्द महिंद्राने 2016 साली प्रवासी बोलेरोत 1493 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणलं, तेव्हा त्याचा टॉर्क होता 195. माझ्या 2523 सीसीच्या इंजिनाइतकाच! हे आमच्या रस्त्यांवर इतकी वर्षं धावतंय आणि आम्ही चहाच्या टपरीवर अजून सीसी मोजतोय.

मग प्रश्न पडला तो झोप उडवणारा. ही जास्तीची ओढ येते कुठून? भागाकार केला. जुन्या इंजिनात एका लिटरमागे 77 न्यूटन मीटर, नव्यात 147. जवळपास दुप्पट. डिझेल तेच, त्याच पंपावरचं. मग बदललं काय?

हवा!

अहो, हवा बदलली! डिझेल कितीही ओता, त्याला जाळायला हवा नसेल तर नुसता काळा धूर निघतो. साध्या इंजिनात पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढेल तेवढीच मिळते, म्हणून जास्त जोर हवा तर सिलिंडर मोठा करा, एवढाच मार्ग. टर्बो मात्र बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावरच एक पातं फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं पातं ताजी हवा दाबून आत कोंबतं. लोहाराच्या भात्यासारखं आहे हे: कोळसा तोच, वारा घातला की लोखंड पांढरं होतं. फरक इतकाच की हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही. वाया चाललेला धूरच तो ओढतो. दाबलेली हवा तापते आणि फुगते, म्हणून मध्ये इंटरकूलर लावून तिला गार करायचं, की त्याच जागेत आणखी मावते. टर्बो आमच्या जुन्या गाडीतही आहे. पण नव्यात हवा कितीतरी जास्त दाबाने भरतात, आणि ज्या लोखंडाला तो दाब सोसायचा ते त्या हिशेबानेच घडवलेलं असतं.

मला वाटायचं टर्बो हे कालपरवाचं फॅड. छे! स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने याचं पेटंट 1905 साली घेतलं. त्याआधी आठ वर्षं, 1897 मध्ये, रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला चाचणीत उतरलं होतं. इंजिन माणसाहून उंच, सिलिंडर एकच, त्याचं घनफळ 19.6 लिटर, आणि शक्ती जेमतेम 20 अश्वशक्तीच्या आसपास. माझी पाण्याची बादली तेवढ्या मापाची आहे! त्या बादलीभर सिलिंडरातून निघत होतं त्याच्या चौपट काम आज दीड लिटरमधून निघतं. ब्यूखीची कल्पना 1920 च्या दशकात दोन जर्मन जहाजांवर बसली, तेव्हा 1750 अश्वशक्तीचं इंजिन 2500 वर गेलं. आकार तोच, हवा जास्त. आमच्या मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते पान्हा हातात धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "जहाज? टर्बोवर?" मग अर्धा तास आम्ही दोघं तेच बोलत होतो.

लहान इंजिनाला हसण्याची आपली सवयही जुनी आहे. 2005 साली टाटा एस आली, तिचं इंजिन 702 सीसी, सिलिंडर दोन. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने केलेली ही गाडी. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणून डोक्यावर घेतलं आणि आज तिच्यावर घर चालवणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. तिच्याकडून कोणी घाटातल्या पराक्रमाची अपेक्षा केली नाही, हे खरं. पण इंजिन कामाच्या मापाने निवडायचं असतं, हे तिने फार आधी दाखवून ठेवलंय.

कागदावर पटलं, तरी आंबा कागदावर चढत नाही. म्हणून डीलरकडे अट घातली: रिकामी गाडी फिरवून दाखवू नका, माझा माल भरून माझ्या घाटात न्या. ते तयार झाले. साठेक क्रेट, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास आंबा. गाडीची क्षमता दीड टनाची, त्यामुळे सगळं नियमात. चालक त्यांचा आला होता, पण साखरप्याच्या पुढे स्टिअरिंग मी घेतलं.

काय सांगू! पहिल्या मोठ्या चढाला जुन्या सवयीने माझा हात दुसऱ्या गिअरकडे गेला, तर शेजारी बसलेला डीलरचा तो चालक मुलगा म्हणाला, "थांबा मॅडम, काटा बघा." काटा 1800 वर. तिसरा गिअर. आणि गाडी ओढतेय! घरघर नाही, आचका नाही, आरशात काळा धूर नाही. वळण आलं, दुसरा टाकला, बाहेर पडताना पाय जरा दाबला की मागून कोणीतरी तळहात लावून पुढे सारावं तशी ती उचलत होती. एका ठिकाणी पुढे उसाचे रिकामे ट्रॅक्टर रांगेत अडकले होते. तिथे ऐन चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. मी श्वास रोखला. इथेच मला फरक कळला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: 1500 फेऱ्यांच्या खाली हे इंजिन दीड लिटरचंच आहे. टर्बो जागा होईपर्यंत जोर नाही. जुनी गाडी नुसता क्लच सोडला तरी सरकायची, हिला आधी थोडी रेस द्यावी लागते, मग क्लच. दोनतीनदा केलं की पाय शिकतो.

वर आंबा गावात पोचलो आणि सवयीने मी चावी फिरवायला गेले, तर त्या मुलाने हात आडवा धरला. घाट चढून आल्यावर टर्बो लालबुंद तापलेला असतो आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो. इंजिन लगेच बंद केलं तर तेल थांबतं आणि तिथेच करपतं. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद. किती साधी गोष्ट, आणि किती टर्बो केवळ चहाच्या घाईत गेले असतील! ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्याच ग्रेडचं, हेही तितकंच पक्कं. एवढा जोर सोसणारं लहान इंजिन हलगर्जीपणा सोसत नाही.

तिथेच उभ्याउभ्या आणखी एक हिशेब केला. साखरप्यापासून वरपर्यंतची उंची 500 मीटर धरली तर तीन टन वर चढवायला शुद्ध कामापुरतं डिझेल किती? इंजिन डिझेलमधल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी भाग चाकापर्यंत पोचवतं, असं धरूनही उत्तर आलं दीड लिटरच्या आत. दीड लिटरचं इंजिन, दीड लिटर डिझेल, आणि साठ क्रेट हापूस सह्याद्रीच्या माथ्यावर. मी हे बाबांना तिथूनच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आधी माल बाजारात पोचव."

आता उतार. इंजिन लहान, तर गिअरमध्ये गाडी सोडल्यावर ते धरूनही कमीच ठेवतं. जुन्या पिकअपला दुसऱ्यात टाकलं की ती स्वतःहून आवरायची, ब्रेकला पाय लावावा लागायचा नाही. ही एक गिअर आणखी खाली मागते. माझ्यासाठी हे चालतं, कारण मी घाट भरून चढते आणि उतरते ती रिकामे क्रेट घेऊन. पण परतीला कोल्हापुरातून गूळ, कांदे-बटाटे भरून कोकणात उतरवणाऱ्यांनी माझं ऐकून लगेच बुकिंग करू नये. आपला माल भरून आपल्या उतारावर गाडी तपासावी आणि मग बोलावं. बागेतून पॅकिंगच्या शेडपर्यंत दोनतीन किलोमीटरच्याच खेपा ज्यांच्या आहेत, त्यांनाही मी जुनी ठेवा म्हणेन. बीएस-6 डिझेल गाडीत काजळी गाळणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला गाडी लांब पल्ल्यावर, तापलेली पळावी लागते. कोल्हापूरच्या फेऱ्यांनी माझी ती आपोआप साफ होईल.

पैशाचं तर सरळ सांगते. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं. जुनी भरल्या गाडीला लिटरमागे बाराच्या वर देते, ही सोळाच्या आसपास गेली. जाऊन येऊन 260 किलोमीटर, म्हणजे फेरीमागे साडेचार लिटर वाचले, आजच्या भावाने चारशे रुपये. आनंद आहे, पण आंब्याचा मोसम तीन महिन्यांचा. एवढ्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही आणि निघेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझा निर्णय फिरला तो दुसऱ्या बाजूने. पुढच्या दोन वर्षांत जुन्या इंजिनाचं मोठं काम निघणार, हे मिस्त्रींनीच सांगितलं होतं. आज ती चालू, धडधाकट आहे म्हणून तिला किंमत आहे. आणि मोसमाच्या मध्यात गाडी गॅरेजला लागली तर पिकलेला आंबा आपल्यासाठी थांबत नाही.

बुकिंग केलं! गाडी दसऱ्याला घरी येईल. बँकेचं ना-हरकत पत्र, फिटनेस, विमा, आरसी, सगळं फाईलला लागलंय. हौद्याला क्रेटच्या चार थरांइतकी उंच जाळी करून घ्यायची आहे, तिचं माप घेऊन झालं. मिस्त्रींनी एकच मागणी केली: पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनाही बरोबर न्यायचं, कारण त्यांना तो टर्बो उघडा बघायचाय. मलाही बघायचाय, आणि डीलरने दोघांनाही यायला सांगितलंय.