कुरकुर कोणी सोडायची?

संपादकांनी ‘त्याग’ या विषयावर लेख मागितला आणि मला गेल्या प्रायश्चित्तकाळात भेटलेल्या एक सिस्टर आठवल्या. त्या रुग्णालयात नर्स आहेत. माणसं कमी, म्हणून सलग दोन-दोन पाळ्या. वरिष्ठांनी सगळ्यांना सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत तक्रार सोडा. “फादर, तोंड बंद ठेवलंय, पण मन गप्प बसत नाही. हे पापच ना?” त्यांनी विचारलं. मठांच्या नियमांचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं, तरी या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही.

कुरकुर सोडण्याची ही साधना खरी आहे आणि फार जुनी आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली रानात काकड्या, कांदे, लसूण आठवून रडले. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, सर्व काही कुरकुर न करता करा. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. मनात कुरकुर ठेवून पाळलेली आज्ञा देवाला रुचत नाही, असं तिच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट आहे.

प्रवचनं इथेच थांबतात, आणि माझा संताप इथून सुरू होतो. पुढे वाचा ना! प्रकरण ३५: ज्यांची वाढपाची पाळी आहे त्यांना जेवणाच्या तासभर आधी जादा पाव आणि पेय द्या, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. प्रकरण ५३: पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्यांना लागतील तसे मदतनीस द्या, कारण तेच. प्रकरण ४१ मध्ये उन्हाळ्यातले उपवास आहेत. शेतात काम असेल, ऊन फार असेल, तर ते सैल करावेत. मठाधिपतीने सगळी व्यवस्था अशी लावावी की बांधवांना रास्त कुरकुरीचं कारण उरू नये. म्हणजे काही कुरकुर रास्त असते, आणि तिचं कारण दूर करणं हे वरिष्ठाचं काम आहे. माझे काही सहकारी याला नुसता व्यवहारचातुर्याचा सल्ला म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आत्म्यांचं तारण आणि ही व्यवस्था बेनेडिक्ट यांनी एकाच वाक्यात ठेवली आहेत.

लोकांना मात्र कुरकुर सोडणं हा सकारात्मक विचारांचा प्रकार वाटतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं सर्वांत जास्त आहेत, ८८ वं तर अंधारातच संपतं. तरी मंडळी ती शतकानुशतकं प्रार्थनेत म्हणत आली. देवापुढे रडायला बंदी कधीच नव्हती. सोडायची असते ती पाठीमागची धुसफूस, जिने काही सुधारत नाही आणि सोबतच्यांचं मन मात्र विटतं.

सिस्टरांना मी ६८ वं प्रकरण काढून दिलं. न झेपणारं काम सांगितलं गेलं, तर योग्य वेळ पाहून, शांतपणे, ताठा न धरता वरिष्ठांना कारणं सांगावीत. तरीही वरिष्ठ ठाम राहिले, तर देवाच्या साहाय्यावर विसंबून ते करावं, असंही पुढे आहे. या शेवटच्या भागाशी माझं मन अजून झगडतं. थकलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून ते वाचणं मला जड गेलं.

“पाळ्यांचा तक्ता सोबत नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“अवश्य न्या, सिस्टर. रात्री किती रुग्णांमागे एक नर्स असते, तेही लिहून न्या.”