अडखळलेलं धाडा

आमच्या शाळेत पालकसभा घ्यायची तर दसऱ्याच्या आत घ्यावी लागते. त्यानंतर गावात पालकच नसतात.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमांच्या गाड्या लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, भांडीकुंडी, दोन-चार कोंबड्या आणि त्या सगळ्यावर माणसं. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कोणी पुढं कर्नाटकात. परततात ते पाडव्याच्या आगेमागे. मुलं मागं राहिली तर आजीकडं झोपतात आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. मागं राहिली तर, असं मुद्दाम म्हणतेय. कारण न राहण्याचाच धोका जास्त.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घ्या, मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगा, असं त्यात आहे. डीएडला असताना मी ते पाठ केलं होतं. पालक तीन-चारशे किलोमीटरवर फडात असतील तर काय करायचं, हे काही त्यात नव्हतं.

त्याचं उत्तर फोननं दिलं, असं आम्हाला वाटलं. प्रत्येक वर्गाचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. पण आमच्या बऱ्याच आया वाचत नाहीत, त्यामुळे मी लिहिणं सोडून बोलून पाठवायला लागले. दिवसभर त्यावर एकही निळी खूण दिसायची नाही. रात्री दहा-अकराला, गाडी भरून झाल्यावर, एकेक खूण उमटायची.

पहिल्या वर्षी मी सगळं खरं सांगितलं. चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांना म्हटलं, भागाकार जमत नाही, वाचनात मागं आहे, आजीला सांगून रोज संध्याकाळी थोडा वेळ पुस्तक घेऊन बसवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आठवड्यानं तिचा मामा आला आणि तिला घेऊन गेला. "येतच नसंल तर हितं ठिवून काय करायचं? तिकडं बारकं लेकरू तरी सांभाळंल." ती पाडव्याला परत आली तेव्हा तिच्या कडेवर सात महिन्यांचा भाऊ होता आणि ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी तिला जे शिकवत होते त्यापेक्षा मी तिच्याबद्दल जे बोलले त्यानं तिचं जास्त नुकसान केलं, हे गणित मी तेव्हा मांडलं. ते अगदीच चूक होतं असं आजही म्हणवत नाही.

पुढच्या वर्षीपासून मी सगळ्यांना "छान चाललंय" सांगायला लागले.

हे सोपं असतं. आपली मूल्यमापनाची पद्धतसुद्धा यात मदत करते. 2010 पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यामागचा विचार चांगला आहे. एका पेपरावर मुलाचं सगळं ठरू नये, तोंडी काम, कृती, उपक्रम, वर्गातलं काम, सगळं धरावं. पण प्रगतिपुस्तकावर उतरते ती एक श्रेणी आणि दोन-तीन वर्णनात्मक नोंदी. त्या नोंदींचे तयार संच शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत असतात. 'आत्मविश्वासाने बोलतो.' 'गटकार्यात आनंदाने सहभागी होतो.' 'कविता तालासुरात म्हणतो.' यातलं एकही वाक्य खोटं नसतं. मुलाला वाचता येतं का, एवढं मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

आता त्या मुलाबद्दल. नाव सांगत नाही. तो आता सहावीत आहे आणि त्याला राग येईल.

तिसरीत तो वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा वाटायचा. त्याची गंमत अशी होती की त्याला वाचता येत नव्हतं. सुटी अक्षरं यायची, काना-मात्रा लागल्या की गोंधळ. पण कान असा तयार की मी एखादा धडा दोनदा वाचला की त्याचा पाठ. पुस्तक हातात धरून तो खडाखडा म्हणायचा, ओळीवर बोट फिरवायचा आणि पानसुद्धा बरोबर जागी उलटायचा. मला हे कळायला दीड महिना लागला. एकदा पुस्तकात दोन पानं चिकटली होती आणि तो चिकटलेल्या पानावरचा मजकूर म्हणत गेला.

मी हसले. मग त्याला जवळ घेऊन अक्षरांपासून सुरुवात करायला हवी होती. थोडी केलीही. पण दोन वर्ग एकत्र, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज कसली तरी ऑनलाइन माहिती भरायची. शिवाय खरं सांगायचं तर त्याचं ते म्हणणं ऐकायला गोड वाटायचं.

डिसेंबरात त्याच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, कसं हाय वो लेकरू? वाचतंय का?"

मी त्याला उभं केलं, पाठ झालेला धडा उघडून दिला आणि फोन समोर धरला. त्यानं एका दमात पूर्ण पान म्हटलं. मी ते पाठवून दिलं. खाली बोलले, "ऐका, कसा वाचतोय."

तिनं ते सगळ्या टोळीला ऐकवलं. कोपीकोपीत फोन फिरला. नवरा हसला म्हणे, बऱ्याच दिवसांनी. हे तिनंच मला नंतर सांगितलं, पाडव्यानंतर, शाळेच्या पायरीवर बसून.

त्या दिवशी ती सकाळीच आली होती. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, डोक्यावर पदर. वर्गात ये म्हटलं तर आली नाही. पायरीवरच बसली, मग मीही बसले.

"मुकादमानं हिशोबाची वही दावली," ती म्हणाली. "म्हनला, उचल फिटली न्हाई, पुढच्या सालावर बाकी हाय. एवढे खाडे झाले म्हनं. आमी दोघं अडानी. म्हनलं थांबा, आमचं पोरगं वाचतंय."

तिनं त्याला बोलावलं. अंगणात पंधरावीस माणसं. वही त्याच्या हातात दिली.

तो उभा राहिला. वहीकडं बघत राहिला. आणि मग, दुसरं काय करणार, त्यानं धडा म्हणायला सुरुवात केली. तोच, फोनवरचा.

"लोक हसले वो," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. पटांगणात दुसरीची पोरं लंगडी खेळत होती. "तुमीच धाडलं हुतं ना ते? तुमाला म्हाईत हुतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी 'हो' म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग मला का न्हाई सांगितलं?" मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. मामा, कडेवरचा भाऊ, सगळं. ऐकल्यावर ती म्हणाली, "ते त्या बापाचं झालं. म्या तर इच्यारत हुते."

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एका बापाची भीती धरून सगळ्या आयांना गप्प केलं होतं.

मुकादमाची बाकी बाकीच राहिली. ती जोडी पुढच्या हंगामाला त्याच्याचकडं गेली. पण दसऱ्याआधीच्या सभेला ती सगळ्यात पुढं बसली आणि जाताना म्हणाली, "ह्या टायमाला पाठ केल्यालं धाडू नका. अडखळल्यालं धाडा."

तेव्हापासून मी दर दुसऱ्या शनिवारी प्रत्येक मुलाचं एक छोटं रेकॉर्डिंग करते. मजकूर त्यानं आधी न पाहिलेला. बिस्किटाच्या पुड्यामागचं लिखाण, एसटीची पाटी, रेशन दुकानावरचा भाव. हे ग्रुपवर जात नाही, ज्याचं त्याच्याच घरी जातं, कारण ग्रुपवर टाकलं की तुलना सुरू होते आणि आजीच्या हातचा मार. सोबत मी दोनच गोष्टी बोलते. मागच्या वेळेपेक्षा काय जास्त आलं आणि आता मी काय करणार आहे. 'मागं आहे' हा शब्द वापरत नाही. काय येत नाही ते नेमकं सांगते. "जोडाक्षराला अडतो, या पंधरवड्यात तेवढंच घेतेय" असं म्हटलं की घरचे वाट बघतात, असा माझा अनुभव. नुसतं "कच्चा आहे" म्हटलं की ते निर्णय घेतात. तरी मागच्या वर्षी एक मुलगी गेलीच. तिच्या बाबतीत मी काय वेगळं बोलायला हवं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या मुलाचं चौथीतलं पहिलं रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये आहे. चाळीस सेकंदांचं. खताच्या पोत्यावरच्या तीन ओळी. सुरुवातीला खोकला, मग एकेक अक्षर, मध्ये इतका मोठा थांबा की बाहेरचा कावळा ऐकू येतो. 'मिश्र' शब्दाला तो दोनदा परत मागं गेला. पाठवताना माझा अंगठा स्क्रीनवर थोडा वेळ तसाच राहिला होता.

निळ्या खुणा रात्री अकराला आल्या. मग तिचा आवाज, मागं कोणीतरी मोळ्या मोजत होतं.

"ऐकलं मॅडम. तीन ठिकानी अडला. परवा पुन्यांदा धाडा."