परभणीची काळी माती आणि तिचे विद्यार्थी

'जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी' ही म्हण मराठवाड्यांत लहान मुलासही ठाऊक असते. परभणीकर ती डौलानें म्हणतो व परगांवचा मनुष्य ती ऐकून हंसतो. तितकीच प्रसिद्ध अशी दुसरी एक म्हण आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' पहिलींत अभिमान आहे आणि दुसरींत नशिबावर हवाला ठेवून बसलेल्या मनुष्याचा विनोद आहे. या गांवीं पाहण्यासारखें काय आहे, असें कोणीं विचारल्यास आम्ही त्यास शेतकी महाविद्यालयाचें नांव सांगूं. आणि तें एकट्यानें न पाहतां तेथील एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या सोबतीनें पाहावें, असेंही सुचवूं.

आमचे थोरले बंधु अण्णा हे तेथील पदवीधर. गेल्या हिंवाळ्यांत त्यांच्या वर्गबंधूंनीं तेथें एकत्र जमण्याचें ठरविलें, तेव्हां आम्हीही त्यांच्याबरोबर गेलों. समवेत आमचा पुतण्या होता. त्याला नेण्यास एक विशेष कारण घडलें होतें, तें पुढें येईलच.

परभणीस महाविद्यालय असणें यांत आज कोणास नवल वाटणार नाहीं. परंतु ज्यांनीं मराठवाड्याचे जुने दिवस पाहिले किंवा वडिलांच्या तोंडून ऐकले, त्यांस त्याचें मोल कळेल. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस 1918 सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें खरें, पण तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठी घरांतल्या मुलास पदवीपर्यंत शिकावयाचें तर त्यानें हैदराबाद गांठावें, नाहीं तर पुणें अथवा नागपूर. आणि ज्या घरास हें झेपत नसे, तेथें शिक्षण मॅट्रिकलाच संपे. कवि व कादंबरीकार बी. रघुनाथ हे याच जिल्ह्यांतील सातोन्याचे. त्यांच्यासारख्या प्रतिभावंतासही मॅट्रिकनंतर सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी धरावी लागली आणि 1953 सालीं, अवघ्या चाळिशींत, ते गेले. पुढें तीनच वर्षांनीं, म्हणजे 1956 सालीं, परभणीस शेतकी महाविद्यालय उघडलें. त्याच वर्षीं 1 नोव्हेंबरास मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ निघण्यास अद्यापि दोन वर्षांचा अवकाश होता.

हें महाविद्यालय परभणीसच कां निघावें, याचें उत्तर तेथल्या मातींत आहे. निजामाच्या अमदानींत, 1918 पासूनच, येथें सरकारी प्रयोगक्षेत्र होतें. तेव्हां पुस्तकांआधीं शेत तयार होतें. पुढें 18 मे 1972 रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें व 2013 सालीं, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें, त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें.

विद्यापीठ जन्मलें तें वर्षच मोठ्या दुष्काळाचें होतें. अण्णा आणि त्यांचे सोबती 1973 च्या पावसाळ्यांत दाखल झाले, तेव्हां त्या दुष्काळाची धग निवाली नव्हती. गांवोगांव दुष्काळी कामें चाललेलीं, मजुरांच्या मुलांस सुकडी वाटलेली, आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी भल्याभल्यांच्या ताटांत पडलेली. 'आमच्यापैकीं कित्येकांनीं खडी फोडली होती आणि त्याच हातांनीं प्रवेशाचा अर्ज भरला होता,' असें एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले. मग चौघेजण एकदम बोलूं लागले. कोणास मीटरगेज गाडीचा डबा आठवला; सुटींत घरीं जातांना पत्र्याच्या पेटीवर बसून रात्र काढावी लागे. कोणास फेब्रुवारींतला तुराबुल हक दर्ग्याचा ऊरूस आठवला. तेथून परततांना वसतिगृहाचें दार बंद झालेलें असे. कोणी कीटकांच्या संग्रहाची पेटी आठवली, जींतले टोळ वर्गबंधूंनींच चोरून आपल्या पेटींत टोंचले होते. परंतु सर्वांच्या बोलण्यांत वारंवार येई ती माती.

पावसाळ्यांत सकाळीं सहाच्या प्रात्यक्षिकास निघावें, तों दहा पावलांत दोन्ही चपलांस शेर शेर चिखल चिकटे. मग चपला हातांत घेऊन अनवाणी चालणें आलें. ही काळी माती पाणी पितांच फुगते व वाळतांच आकसते. म्हणून उन्हाळ्यांत तिला अशा भेगा पडतात कीं मनगट सहज आंत जावें. पण हीच माती पावसाळ्याचें पाणी पोटांत धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पुढें पाऊस न पडतांही उभी राहते. पुस्तकांतलें हें वाक्य आपणांस पायानें आधीं समजलें आणि डोक्यानें मागाहून, असें अण्णा म्हणतात.

प्रत्येक विद्यार्थ्यास जमिनीचा एक लहानसा तुकडा वांटून मिळे. नांगरण्यापासून मळणीपर्यंत सर्व त्यानें करावें आणि जमाखर्चाची वही ठेवावी. अण्णा वाड्यांत वाढलेले. ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर हवें आणि दोन ताटांत 15, हें त्यांस मुखोद्गत. पण तिफणीमागें चालतांना चाड्यावर मूठ धरली, तर बीं एके ठिकाणीं ढिगानें पडे व पुढें चार पावलें रिकामीं जात. त्यांच्या खोलींतला सोबती पालमकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो बांधावरून ओरडला, 'मूठ आवळून काय धरायलास? बोटांतून सांड, पाऊल पडंल तसं!' त्या दिवसापासून दोघांचा करार झाला: त्यानें अण्णांस तिफण, वखर, कोळपें शिकवावें आणि अण्णांनीं त्यास रात्रीं इंग्रजी पाठ्यपुस्तक उलगडून सांगावें. पन्नास वर्षांनीं तेच दोघे आमच्यापुढें एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आपला तुकडा नेमका कोठें होता यावर भांडत होते.

आतां पुतण्याचें कारण सांगतों. तो त्या वेळीं बारावींत होता. त्यानें अभियांत्रिकीस जावें, असें घरांत सर्वांचें मत. आणि त्यानें तर शेतकीस जावयाचें म्हटलें. त्यावर आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, 'अरे, कुळांकडे गेलेली जमीन आतां पदवी घेऊन परत आणणार आहेस काय?' 1950 च्या हैदराबाद कूळकायद्यानें आमच्याप्रमाणेंच पुष्कळ घरांच्या जमिनी गेल्या आणि त्याचें दुःख अजून सणासुदीच्या पंगतींत निघतें. परंतु खरें पाहतां आमच्याकडे सातबारा होता, सनदा होत्या. मूठ मात्र कुळाचीच होती. ज्याची मूठ चाड्यावर, त्याच्याकडे जमीन गेली. उरलेले चार एकर बटईनें दिलेले आहेत आणि त्यांत काय पेरलें आहे, हें घरांतल्या निम्म्या मंडळींस सांगतां येणार नाहीं.

अण्णांनीं हा प्रश्न वर्गबंधूंपुढें मांडला. जमलेल्या चाळीसजणांत स्वतः शेती करणारे किती, असें विचारतां हात वर झाले ते चारच. बाकीचे कृषिखात्यांत, बँकांत, अध्यापनांत, बियाण्यांच्या व्यापारांत जन्म घालवून निवृत्त झालेले. त्यांतले एक सद्गृहस्थ सांवकाश म्हणाले, 'आम्ही जन्मभर शेतकऱ्यास शिकविलें आणि आपल्या मुलांस मात्र शेतापासून दूर ठेवलें.' यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

मग त्या चौघांपैकीं जिंतूर तालुक्यांतले एक शेतकरी बोलले. 'पोराला खोटं सांगूं नका,' ते म्हणाले. 'पाऊस आपल्या हातांत नाहीं आणि भावही नाहीं. आमच्या भागांत किती घरांतला कर्ता पुरुष कर्जापायीं जीव देऊन गेला, हें सगळ्यांना माहीत आहे. माझंही पीक जातं आणि शेजाऱ्याचंही जातं. फरक इतकाच कीं, तें कां गेलं हें मला कळतं. म्हणून पुढल्या सालीं मी वेगळं पेरतों.' पुतण्यानें त्यांच्याकडे दोन दिवस राहण्याची परवानगी मागितली. तीं दोन दिवसांचीं चार झालीं. परत आल्यावर त्यानें काकूंजवळ वाद घातला नाहीं; आपल्या चार एकरांत यंदा तूर आहे आणि तिच्या शेंगा अळीनें पोखरल्या आहेत, एवढेंच सांगितलें. काकूंनीं उपाय विचारला! सध्यां तो परभणीस पहिल्या वर्षांत शिकत आहे.

शेतकीचें शिक्षण म्हणजे दुसरीकडे जागा न मिळालेल्या मुलाची सोय, हा ग्रह आपल्या सुशिक्षित घरांतून अजून गेलेला नाहीं. अशा घरांनीं आपल्या स्वयंपाकघरांतच पाहावें. ज्या भेंडीच्या पिकाचीं पानें रोगानें पिवळीं पडून मळेच्या मळे बुडत, तिच्यासाठीं येथील संशोधकांनीं 'पुसा सावनी' जातीचा एका रानटी भेंडीशीं संकर करून रोगास दाद न देणारी 'परभणी क्रांति' 1985 सालीं दिली. रब्बी ज्वारीची 'परभणी मोती' येथलीच, आणि दाण्यांत लोह व जस्त अधिक असलेली, 2018 सालची 'परभणी शक्ति' हीही येथलीच. अण्णांच्या वर्गांत एकही मुलगी नव्हती. आज प्रात्यक्षिकाच्या शेतांत मुली मुलांच्या बरोबरीनें कोळपें धरतांना दिसतात. गृहविज्ञान व अन्नतंत्र हीं महाविद्यालयें 1976 पासून याच आवारांत आहेत, हें मुलींच्या पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील हें स्थानक. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनें थेट जातां येतें. जावयाचें तर पौषांत जावें. त्या वेळीं ज्वारी निसवलेली असते, हवा कोरडी व पहांटे चांगलीच गार असते आणि कोणाच्या तरी शेतांत हुरड्याचें आमंत्रण मिळतेंच. तेथून जिंतूरची नेमगिरी किंवा गंगाखेडीं संत जनाबाईंचें स्थान एका दिवसांत पाहून होतें. घरांत कोणी तेथील जुना विद्यार्थी असल्यास त्यास बरोबर न्यावें व इमारतींपाशीं फार थांबूं देऊं नये. सरळ शेताकडे न्यावें. आणि बारावीचा मुलगा किंवा मुलगी असल्यास त्यांसही न्यावें. त्यांनीं पुढें कोणतीही विद्या घेतली तरी चालेल. पण ताटांतली भाकरी कोणत्या मातींतून येते आणि ती पिकविणाऱ्यास काय सोसावें लागतें, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असावें.