दादाच्या उड्या

आमचा टीव्ही गेम बंद पडून पंचवीस वर्षं झाली. दादाला जाऊन तीन. गेल्या पावसाळ्यापासून रात्री जेवणं आटपली की मी कॉम्प्युटरवर मारिओचं गाणं बसवत बसतो. कानानं, एकेक सूर.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. कोजी कोंडो यांनी त्याचं संगीत केलं ते रिकोच्या २ए०३ या चिपसाठी. तिच्यात पाच आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर आणि पाचवा ध्वनिमुद्रित तुकड्यांचा, जो या गाण्यात वापरलेलाच नाही. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. वाजली तर पूर्ण, नाहीतर गप्प. (आमची एक आत्या अशी होती.) फॅमीट्रॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये या पाचांचे पाच उभे रकाने असतात आणि गाणं वरून खाली सरकत जातं, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं.

सूर सगळे लागले, तरी गाणं परकंच वाटत राहिलं. आमचा डबा अस्सल नव्हता, नक्कल होती. अशा काही नकलांच्या चिपमध्ये चौकोनी लहरीची २५ टक्क्यांची आणि ५० टक्क्यांची रूपं अदलाबदल होऊन बसलेली असतात. सूर तोच, गळा वेगळा. मीही ती अदलाबदल केली आणि गाणं जरा घरचं वाटायला लागलं. पण जराच.

मग एका रात्री उमगलं, की हे गाणं मी सलग कधी ऐकलेलंच नाही. चिपकडे आवाज मोजके, म्हणून मारिओनं उडी मारली की एका चौकोनी लहरीतलं गाणं तेवढ्यापुरतं बाजूला होतं आणि तिथं उडी वाजते. नाणं घेतलं की दुसरीतलं. मधले सूर गेले ते गेलेच. गाणं अख्खं ऐकायचं तर रिमोट खाली ठेवायला हवा, आणि आमच्याकडे तो खाली ठेवणार कोण?

दुसरा रिमोट महिन्याभरातच बिघडलेला. त्यामुळे नियम साधा: एक मेला की दुसऱ्याची पाळी. दादा मरायचाच नाही. खड्ड्याच्या अगदी कडेला पाय टेकवून उडायचा, उडताना स्वतःचेही खांदे उचलायचा, आणि गरज नसताना वर दोन उड्या मारायचा. चारला लाइट जाणार म्हणून मी शेजारी फरशीवर बसून घड्याळाकडे बघत म्हणत राहायचो, “मर की रं दादा आता!” आई आतून ओरडायची, “असलं तोंडातनं काढू नये रे.”

सध्या मी रकान्यांत त्याच्या उड्या भरतोय. पहिल्या विटांखाली एक, हिरव्या पाइपाआधी एक, पाइपावर उगाचच दोन. जिथं उडी, तिथले मूळ सूर खोडायचे. काही जागा आठवतात, काही अंदाजानं घालतो. त्यानं ऐकलं असतं तर म्हणाला असता, “इथं कोण उडी मारतं, येड्या?”

मारिओ मरतो तेव्हा चालू गाणं तुटतं आणि एक छोटीशी धून वाजते. ती वाजली की रिमोट माझ्या हातात यायचा. मला ती पाठ आहे, बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. तूर्त शेवटच्या ओळीत मी ‘बी शून्य शून्य’ लिहून ठेवलंय. तिथं पोचलं की गाणं पुन्हा पहिल्या पानावर जातं.