मांगरात टांगलेलं मशीन

ग्रासकटरच्या खरेदीत मी दोनदा पैसे घालवले आणि दोन्ही वेळा दुकानदाराने मला फसवलेलं नव्हतं. पहिल्यांदा बॅटरीचा घेतला, कारण पेट्रोलचा धूर, आवाज आणि दोरी ओढण्याची कटकट नको होती. दुसऱ्यांदा पेट्रोलचा घेतला, कारण पहिल्याचा राग आला होता. मधल्या काळात एकदाही मी बागेत उभं राहून गवताकडे नीट बघितलं नाही.

बाग देवगड तालुक्यात, उतारावर. वर जुनी हापूसची कलमं, खाली काजू, आणि घराशेजारी खळं, पायवाट, गडगा. वडिलांच्या हातात बाग होती तोवर गवताची बेणणी कोयतीनेच व्हायची. चार-पाच गडी भाद्रपदात यायचे, एका रांगेत वाकून वर सरकायचे. आता गडी मिळत नाहीत. मिळतो तो स्वतःचं मशीन घेऊन येतो, दिवसाचा रोज घेतो आणि पेट्रोल आपण द्यायचं. त्याच्याकडे बागा इतक्या असतात की आपला नंबर लागेपर्यंत गवत फुलोऱ्याला येतं, बी झडतं आणि पुढच्या वर्षीची सोय होऊन जाते. तेव्हा आपलंच मशीन असावं, हा विचार चुकीचा नव्हता.

नोकरी पुण्यात असल्यामुळे मशीनची निवड मी रात्री मोबाइलवर केली. व्हिडिओंमध्ये घोट्याएवढी हिरवळ, सपाट अंगण, हलकं मशीन एका हातात धरून चालणारा माणूस. कॅलिफोर्नियात तर 2021 साली कायदा झाला आणि 2024 पासून बनणाऱ्या अशा छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्रीच थांबवली, हेही वाचलं होतं. जग बॅटरीकडे चाललंय, मग आपण कशाला मागे राहायचं? खोक्यावर ठळक ‘20 व्होल्ट’ लिहिलं होतं. सोबत चार अॅम्पिअर-तासांची एक बॅटरी.

त्या वीस व्होल्टचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर असतो, म्हणून वीस. काम करताना त्याची सरासरी 3.6, म्हणजे खरे व्होल्ट अठरा. अठरा गुणिले चार, बहात्तर वॅट-तास. विजेच्या बिलावर एका युनिटचा चौदावा भाग. उलट लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बरीचशी उष्णता आणि धूर करून उधळतं, फार तर सहावा हिस्सा पात्यापर्यंत पोचतो. तरीही एक लिटर पेट्रोल म्हणजे माझ्या तसल्या वीसेक बॅटऱ्या. हा हिशेब शाळकरी पोराने केला असता. मी केला नाही, कारण खोक्यावरचा आकडा मोठ्या टायपात होता आणि गुणाकार मला करायचा होता.

भाद्रपदातलं आमचं गवत कमरेएवढं आणि ओलं. त्यात टाकळा, दिंडा, कडेने रानमोडी. रानमोडीचं खोड पावसाळा संपता संपता काठीसारखं कडक होतं. मशीनला होती 1.6 मिलिमीटरची नायलॉन दोरी. ओलं गवत तिला कापलं जाईना, ते गोलाकार गुंडाळलं जायचं. डोकं जाम झालं की मोटर गरम होऊन आपोआप बंद. ते सोडवून पुन्हा सुरू केलं की बॅटरीचा एक दिवा कमी झालेला. वरच्या अंगाची पहिली रांगसुद्धा पुरी झाली नाही. चार्ज करायला घरी यायचं, कारण मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, वीज नाही. आणि घरी यावं तर पावसात लाइट गेलेली.

शेजारचे आप्पा गडग्यापलीकडून बघत होते. “ह्या कित्याक हाडलंस?” एवढंच विचारलं. मी त्यांना प्रदूषणाबद्दल सांगितलं, हे आता आठवलं तरी कसंसं होतं.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो. सर्वांत मोठं हवं म्हणून 52 सीसीचं, पाठीवर अडकवायचं टू-स्ट्रोक मशीन घेतलं, स्वस्तातलं. सोबत नायलॉनचं डोकं, तीन पात्यांचं ब्लेड आणि ऐंशी दातांची चकती. ताकद भरपूर. रानमोडी चकतीखाली सरसर आडवी पडायची. पहिले काही दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलो की बॅटरी वगैरे शहरातल्या लोकांची खेळणी आहेत.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत लिटरला चाळीस मिली लिहिलं होतं. काही मशीनना वीसच लागतं. पिस्टन, बेअरिंग सगळ्यांना वंगण मिळतं ते त्या मिश्रणातूनच. माझ्याकडे दोन कॅन होते, एकाच दुकानातून घेतलेले, एकाच रंगाचे. एकात मिश्रण, दुसऱ्यात मोटारसायकलसाठी ठेवलेलं साधं पेट्रोल. कुठला कुठे ठेवलाय हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, आणि मी पुण्याला होतो. गड्याने हाताला आला तो कॅन ओतला. मशीन थोडा वेळ नेहमीपेक्षा जोरात ओरडलं, मग एकदम अडकलं. दोरी ओढली तर जागची हलेना.

फोनवर मी गड्यावर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, “दादा, दोन्ही कॅन सारखेच. माका काय कळतला?” मेकॅनिकने सिलिंडर उघडून दाखवला तेव्हा पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. पिस्टन, सिलिंडर, रिंगा मिळून जो खर्च आला त्यात थोडी भर टाकली असती तर नवं मशीन आलं असतं. कॅनवर रंगाने एक रेघ ओढायला काहीच खर्च नव्हता. टू-स्ट्रोक ऑइलला रंग असतो, तो मिश्रणात दिसावा म्हणूनच, हे मेकॅनिकने सांगितलं. पण अपारदर्शक कॅनमध्ये तो कोणाला दिसणार?

दुरुस्त झालेलं मशीन दिवाळीनंतर मांगरात खुंटीला टांगलं, टाकीत अर्धं मिश्रण तसंच. आमच्याकडे या मशीनचं काम श्रावणापासून फार तर कार्तिकापर्यंत. वणव्याच्या भीतीने गवत सुकायच्या आत काढून घ्यायचं आणि मग मशीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत टांगलेलं. म्हणजे वर्षातले आठ महिने ते काहीच करत नाही, आणि माझी मशीनं त्या आठ महिन्यांतच मेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणात ओलीला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा कसही जातो. शिवाय पेट्रोलमधला हलका भाग उडून गेल्यावर चिकट राळ मागे राहते आणि कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक भोकांत बसते. आतला रबरी पडदा ताठ होतो. श्रावणात दोरी ओढून खांदा दुखला, प्लग बदलला, फिल्टर धुतला. शेवटी पुन्हा मेकॅनिक. “बंद करताना टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा,” तो म्हणाला. हे पुस्तिकेतही होतं. पुस्तिका मी प्लास्टिकच्या पिशवीत अगदी नीट जपून ठेवली होती.

आणि बॅटरीवाला? तो त्याच खुंटीला शेजारी, शेवटच्या कामानंतर जसा होता तसा, बॅटरी रिकामी. लिथियमच्या बॅटरीला ठेवून देताना निम्म्याच्या आसपास चार्ज आणि थंड जागा लागते. मी दिली ती पत्र्याखालची वैशाखातली दुपार. रिकामी बॅटरीही हळूहळू उतरतच राहते, आणि सेलचे व्होल्ट एका हद्दीखाली गेले की चार्जर तिला घेत नाही, लाल दिवा मिचकावत बसतो. सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे, तरी मी दर थोड्या वेळाने काढून पुन्हा लावून बघत होतो. नव्या बॅटरीची किंमत विचारली तेव्हा कळलं की मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसे बॅटरीचेच असतात. तरी घेतली.

का घेतली, तर घराभोवती त्या मशीनने खरोखरच चांगलं काम केलं होतं. खळ्याची कड, पायवाट, गडग्याच्या बुंध्याचं गवत. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद. घरात कोणी झोपलं असेल तरी चालतं. पेट्रोलचं मशीन चालू असताना कानात बोळे घालावे लागतात आणि मागून येणारा माणूस कळत नाही; पुस्तिका पंधरा मीटर अंतर ठेवा म्हणते ते उगाच नाही. जांभ्याचा एक खडा उडून माजघराच्या खिडकीची काच गेली तेव्हा मी ते वाक्य वाचलं. त्या दिवशी तिथे कोणी उभं नव्हतं.

पण माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते याच गरीब वाटणाऱ्या बॅटरीवाल्याने.

वरच्या अंगाला मेलेल्या झाडांच्या जागी नवी हापूसची कलमं लावली होती, रायवळ खुंटावर बांधलेली. त्यांच्या आळ्यांत गवत माजलं. चकती झाडाजवळ न्यायची नाही हे मला कळत होतं. पेट्रोलच्या मशीनची भीतीच वाटायची. बॅटरीवाल्याची वाटत नव्हती. दोरीने काय होणार? म्हणून मी स्वतः, मोठ्या हौसेने, प्रत्येक कलमाच्या बुंध्याला लागून गोल फिरवत गवत काढलं. दिसायला इतकं स्वच्छ झालं की फोटो काढून भावाला पाठवले.

दोरी अंगठ्याएवढ्या खोडाच्या सालीला दर फेरीत थोडं थोडं सोलत होती. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतून. पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून. त्यामुळे बुंध्याशी सालीचं कडं निघालं तरी झाड लगेच सुकत नाही. पानं काही महिने हिरवी दिसतात, खाली मुळं उपाशी. मार्गशीर्षात पानांचं तेज गेलं तेव्हा मी पाणी वाढवलं. मग काही कलमांना बुंध्यातून जोरदार लालसर फुटवा आला आणि मी खूश झालो, झाडं सावरली म्हणून. आप्पांनी खाली बसून माती बाजूला केली. फुटवा कलमाच्या जोडाखालून, सालीच्या त्या कड्याच्याही खालून आला होता. “ह्यो रायवळ,” ते म्हणाले. वरचा हापूस संपला होता. दहा मीटरवर लावलेली झाडं, एकरी चाळीस. त्यांतलं एक गेलं तरी तिथलं भगदाड वर्षानुवर्षं दिसत राहतं.

दोरीने गवत कापायची युक्ती ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला 1971 मध्ये सुचली. डान्स स्टुडिओ चालवणारा माणूस. गाड्या धुणाऱ्या मशीनचे गरगर फिरणारे ब्रश पाहून त्याने भोकं पाडलेल्या डब्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा फिरवून बघितला. त्याला आपल्या अंगणातल्या झाडांच्या बुंध्याशी वाढलेलं गवत काढायचं होतं, तेही सालीला इजा न होता. त्याच्या अंगणातली झाडं थोराड सालीची असणार. माझी कलमं जेमतेम दोन पावसाळ्यांची होती.

आता आळ्यातलं गवत हाताने किंवा कोयतीने काढतो, आणि बुंध्याभोवती पीव्हीसी पाइपाचा उभा चिरलेला तुकडा बसवला आहे. ठिबकच्या बारीक नळ्या किती कापल्या त्याबद्दल इथे बोलत नाही. टू-स्ट्रोक विकलं. त्याच्या जागी 35 सीसीचं फोर-स्ट्रोक घेतलं: ऑइल वेगळं, साधं पेट्रोल, त्यामुळे कुठलाही कॅन ओतला तरी घोटाळा नाही. त्याला कमी ताकदीचं म्हणून आप्पा नाक मुरडतात आणि रानमोडीच्या बाबतीत त्यांचं खरं आहे. ती कोवळी असतानाच, श्रावणात एक हात फिरवून घ्यावा लागतो. बॅटरीवाला घराच्या परिघाबाहेर जात नाही. कार्तिकात काम संपलं की त्याची बॅटरी निम्मी चार्ज करून पुण्याला कपाटात आणतो, बायकोच्या शिव्या खात.

परवा मावसभावाने विचारलं, त्याला गुहागरला कुठलं घ्यावं. मी विचारलं, चालवणार कोण? तो म्हणाला, गडी. मग मांगरात वीज आहे का, जवळ मेकॅनिक कोण आहे, रानमोडी किती, कलमं किती वयाची, असं विचारत गेलो. तो वैतागला. “तू फक्त कंपनी सांग,” म्हणाला. त्याने त्याच रात्री मोबाइलवर काहीतरी मागवलं. काय, ते अजून सांगितलेलं नाही.

माझ्या नव्या मशीनचं ऑइल पहिल्या दहा तासांनी आणि पुढे दर पन्नास तासांनी बदलायचं आहे. तास मोजायचं मीटर त्यावर नाही आणि गडी तासांत बोलत नाही, लिटरांत बोलतो. तासाला अर्धा-पाऊण लिटर धरला तर पन्नास तास म्हणजे तीस लिटर. गेल्या पावसाळ्यातल्या पेट्रोलच्या पावत्या मी शोधतोय. सापडल्या त्यांची बेरीज एकवीस होते, आणि काही भिजून गेल्या आहेत. ऑइल बदलूनच टाकतो.