पाचवा प्रश्न

"डॉक्टर झालास तो काय दारुड्यांचा मास्तर व्हायला?" चिवड्याची बशी पुढे ओढीत काकांनी विचारले.

"दारुड्यांचा नव्हे काका, दारुड्यांच्या डॉक्टरांचा!" मी म्हणालो. सगळे हसले. आत्या तेवढी हसली नाही. ती खाली मान घालून करंज्या कातीत होती.

मनोविकारांचा डॉक्टर होऊन मला पुरती तीन वर्षेही झालेली नाहीत. दर गुरुवारी मी वैद्यकीच्या मुलामुलींना व्यसनाविषयी शिकवतो. यकृताचे काय होते, मेंदूचे काय होते, हे त्यांना पाठ असते. जमत नाही ते विचारायला. कोणी फौजदाराच्या थाटात विचारतो, तर कोणी "पीत नाही ना?" म्हणून उत्तरही स्वतःच देऊन टाकतो!

"मग शिकवतोस तरी काय?" काकांनी विचारले.

मी जॉन युइंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार प्रश्न सांगितले. दारू कमी करावी असे कधी वाटले का? लोकांनी टोकल्याचा राग आला का? पिण्याबद्दल मनाला खात राहिले का? सकाळी उठताच घ्यावी लागली का? आणि सवयीने, मी पदरचा घालतो तो पाचवाही तोंडून गेला: शेवटची कधी घेतली?

मी जीभ चावली.

मी नववीत होतो. आतोबा रोज पीत. 'निदान दिवाळीत तरी नको' म्हणून वसुबारसेला त्यांना माडीवरच्या खोलीत कोंडले. कडी आत्याने लावली. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले. सगळे म्हणाले, नाटक. मग त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले. डॉक्टर आले आणि "दारुडाच तो, उतरेल" म्हणून निघून गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री झटके आले. पाडव्याची पहाट आतोबांनी पाहिली नाही.

काका उठून गेल्यावर आत्याने विचारले, "तो पाचवा कशासाठी रे?"

चाळीस मुलांना दर वर्षी सांगतो ते तिला सांगताना माझा आवाज नीट निघेना. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत कोणाकोणाचा जीवही जातो. रुग्णालयात शामक औषध देऊन ते हळूहळू उतरवतात, ब-१ जीवनसत्त्व टोचतात. मग बहुतेक माणसे तरतात.

"म्हणजे ती कडी..."

"आत्या, तुला कोणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी शिकायला हवं होतं, तेही शिकले नव्हते."

ती बराच वेळ गप्प होती. मग पदराने डोळे पुसून तिने कातण पुन्हा हातात घेतले.

"सुट्टी संपली की पहिल्या गुरुवारी," ती म्हणाली, "तो पाचवा आधी शिकव."