बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

धर्मांतरविषयक वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना तारखांचा मोह फार असतो. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ती तारीख सहज सापडते: २९ सप्टेंबर १८८३, स्थळ इंग्लंडमधील वाँटेज. स्वतः रमाबाई मात्र तेथे थांबत नाहीत. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला आहे, पण ख्रिस्त लाभलेला नाही.

महाराष्ट्राबाहेरील माझ्या वर्गात हा भाग आला की विद्यार्थी थबकतात. बाह्याचारावरील टीका त्यांना नवी नसते. कबीर, बसवेश्वर, तुकाराम यांच्या परिचयातून ते आलेले असतात. परंतु संतांच्या प्रहाराचे लक्ष्य बहुधा ढोंगी माणूस असतो. रमाबाई ढोंगी नव्हत्या, आणि अडचण नेमकी हीच आहे. या आठ वर्षांत त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर व चर्चच्या अधिकारावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी निर्भयपणे वाद घातला, चेल्टनहॅमला संस्कृत शिकविले, १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध केले, १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. या श्रद्धेमागे बुद्धी होती, त्याग होता. तरीही, त्यांच्याच साक्षीप्रमाणे, अंतरंग पालटले नव्हते.

दांभिकाला निदान आपला दंभ ठाऊक असतो. प्रामाणिक आणि कार्यमग्न माणसाला स्वतःविषयी संशय घेण्यास निमित्तच उरत नाही. त्याची सत्कृत्येच त्याच्या बाजूने साक्ष देत राहतात. बाह्य श्रद्धेचा खरा धोका मला येथे दिसतो.

रमाबाईंच्या ठायी हा संशय जागा होण्यात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनाचा वाटा होता. हॅस्लम कॉर्नवॉलमधील बाल्डहू येथे पाळक होता. १८५१ साली स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःचेच प्रवचन चालू असता, त्याचे परिवर्तन झाले. सुशिक्षित, कर्तबगार असा हा पाळक तोवर नव्या जन्माला पारखा कसा राहिला, याचे रमाबाईंना नवल वाटले. मग तोच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

भाषेनेही या बाबतीत आपल्याला फारसे साहाय्य केलेले नाही. 'धर्मांतर' हा शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा आहे. नव्या करारातील ग्रीक 'मेटानोइया' मनाचेच पालटणे सांगतो. मराठी बायबलात त्या जागी 'पश्चात्ताप' आला, त्यात ताप उरला आणि पालट निसटला. (अनुवादकांना दोष देण्याचा हेतू नाही, इंग्रजीची गत फारशी निराळी नाही.)

रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' स्थापताना बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. रमाबाई त्या वाटेने गेल्या नाहीत. वाँटेजची तारीख त्या पुसत नाहीत, खोटीही ठरवीत नाहीत. केवळ तिच्यापुढे आठ वर्षांचे अंतर नोंदवितात. ही नोंद स्वस्त नव्हती. ज्या धर्मांतरासाठी त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला आणि ज्या वादात १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी शारदा सदनाचे सल्लागारपद सोडले, त्या धर्मांतराची पहिली आठ वर्षे आतून रिकामी होती, हे त्यांनी आपल्या टीकाकारांच्या हयातीत छापून टाकले.